बाकावर बसून सूर्यमालेची सहल
(द्वितीय वर्ष कला)

प्राथमिक शाळेतल्या मुलांना सूर्यमाला शिकवणे ही वरवर फार सोपी गोष्ट वाटते. पूर्वी ग्रहांची नावे नऊ होती. २००६ साली प्लूटोला बटुग्रह ठरवण्यात आले आणि आठ राहिली. ती ओळीने पाठ करून घ्यायची, फळ्यावर सात-आठ वर्तुळे काढायची, शनीभोवती एक कडे काढायचे आणि पाठ संपला असे म्हणायचे. आम्ही पाचवीत असताना 'परिसर अभ्यास भाग १' या पुस्तकात पहिलाच पाठ पृथ्वी आणि सूर्यमालेचा होता. जूनमध्ये नव्या पुस्तकाचा वास जायच्या आत तो शिकवून झाला होता. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ ही नावे आजही आमच्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारली तरी येतील. पण गुरू किती मोठा, तो किती लांब आणि हे कोणी कसे शोधून काढले, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील.

इतर पाठांचे असे होत नाही. नदीचा पाठ असला तर शिरवळच्या मुलांना नीरेवर नेता येते. किल्ल्याच्या पाठाला सुभानमंगळची जागा आहे. शेतीच्या पाठाला तर शाळेच्या कुंपणाबाहेर नजर टाकली तरी पुरते. यालाच भूगोलात क्षेत्रभेट म्हणतात. सूर्यमालेची क्षेत्रभेट मात्र कोणत्याही एस.टी.ने होण्यासारखी नाही. फार तर तारांगणात जाता येते. पुण्याला टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ सालापासून तारांगण आहे आणि मुंबईला वरळीचे नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झाले. पुणे आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर म्हणजे फार लांब नाही. पण सहलीची वर्गणी असते, आणि ज्या घरात दोन-तीन मुले शाळेत आहेत त्या घरात ती सगळ्यांची निघत नाही. आमच्या घरातून एका वर्षी एकीचीच निघाली. धाकटी गेली आणि आल्यावर आठ दिवस घुमटाविषयीच बोलत होती. मी तिचे ऐकून ऐकून अर्धे तारांगण पाहिले.

हल्ली ज्याला आभासी क्षेत्रभेट म्हणतात तिचा विचार मी या बाजूने करते. शब्द मला फारसा आवडत नाही, कारण आभास म्हटले की खोटे असल्यासारखे वाटते. कल्पना मात्र साधी आहे. वर्गात एक पडदा किंवा दूरदर्शन संच, त्याला जोडलेला संगणक किंवा शिक्षकांचा मोबाईल, आणि त्यावर अशी जागा दाखवायची जिथे मुलांना प्रत्यक्ष नेता येत नाही. चित्रफीत लावून मागे बसून राहणे म्हणजे आभासी सहल नव्हे. सहलीत मुले थांबतात, वळून पाहतात, "सर, ते काय?" असे विचारतात आणि वाट बदलते. पडद्यावरच्या सहलीतही मुलांना तसे थांबता आले पाहिजे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचा त्यांचा प्रयोगही गाजला आणि पुढे राज्याच्या पुस्तकांत तसे कोड आले. त्या मानाने कमी बोलली गेलेली गोष्ट म्हणजे ते संगणकावरून देशोदेशींच्या वर्गांना आभासी सहली घडवत असत. आपल्या घरी जमवलेल्या प्रयोगशाळेतले विज्ञानाचे प्रयोग ते परदेशातल्या मुलांना दाखवत. म्हणजे माढ्यातले एक घर हे दुसऱ्या कोणाच्या तरी सहलीचे ठिकाण झाले. आपल्याकडे पाहण्यासारखे काही नाही असे समजून वाढलेल्या आमच्यासारख्यांना या गोष्टीत पुरस्काराच्या रकमेपेक्षा जास्त काही आहे असे मला वाटते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामात आम्ही काही विद्यार्थिनी शिरवळ परिसरातल्या एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास मदत करत होतो. वर्ग बाईंचा. आम्ही ताया. मुले गावातली, वाड्या-वस्त्यांवरची आणि औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांतलीही. त्यांतली काही घरी हिंदी बोलत, काही कन्नड. त्या वर्गात सूर्यमालेची सहल कशी झाली आणि तिच्यातून शिकवण्याविषयी काय कळले, ते पुढे सांगते.

सहल सुरू झाली ती शाळेच्या पटांगणातून. 'स्टेलॅरियम' नावाचा एक फुकट मिळणारा संगणक कार्यक्रम आहे. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही, आणि ज्या शाळेत तासाच्या मध्येच लाईट आणि नेटवर्क दोन्ही जाऊ शकतात तिथे हे महत्त्वाचे असते. त्यात आपल्या गावाची जागा भरायची. शिरवळ साधारण १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. ती भरली की पडद्यावर आपल्या गावावरचे आकाश येते. काळ पुढे ढकलला की सूर्य मावळतो, चांदण्या उगवतात, आणि दिवस भराभर सरकवले की चंद्र कलेकलेने वाढतो. आपण थेट गुरूवर उडी मारली असती तर मुलांना तो सिनेमा वाटला असता. आपल्याच गावचे आकाश आधी दिसल्यामुळे पुढचे सगळे त्याच आकाशातले आहे हे ठरून गेले.

आमच्या आजीला शाळा माहीत नाही, पण रात्रीची वीज असते तेव्हा पिकाला पाणी धरायला तिने अनेक वर्षे शेतात काढली आहेत. मृगातल्या तीन ताऱ्यांना ती तिकांडे म्हणते. सप्तर्षींत तिला म्हातारीचे खाटले आणि त्याच्या मागे लागलेले तीन चोर दिसतात. तिकांडे कुठवर आले यावरून किती रात्र उरली हे ती सांगते. मी ही नावे वर्गात सांगितली, तेव्हा तीन-चार मुलांनी आपापल्या घरची नावे सांगितली आणि एक कर्नाटकातला मुलगा प्रथमच वर्गात मोठ्याने बोलला. पडद्यावर तेच तारे होते. पुस्तकातले खगोलशास्त्र आणि घरचे आकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मुलांना नकळत शिकवले जाते. ती गाठ पहिल्याच तासाला सुटली तर बरे.

दुसरा मुक्काम चंद्र. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा ही मुले फार लहान होती. तरी त्यांना ते आठवत होते. त्यांना नवी होती ती दगडाची गोष्ट. चंद्रावर डोळ्यांना जे काळसर डाग दिसतात, ज्यांत आपण ससा पाहतो, ती बेसॉल्टची मैदाने आहेत, म्हणजे वितळलेला लाव्हा पसरून थंड झालेला खडक. आपला सह्याद्री, आपल्या विहिरींचा काळा कातळ, शिरवळजवळची बौद्ध लेणी ज्यात खोदली तो दगड, हा सगळा बेसॉल्टच. वय मात्र फार निराळे: आपल्या दख्खनच्या लाव्ह्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली, तर चंद्रावरची बहुतेक मैदाने तीनशे कोटी वर्षांहून जुनी आहेत. बाईंनी पटांगणातून काळ्या दगडाचे तुकडे आणायला लावले. प्रत्येकाच्या हातात एक तुकडा आणि समोर पडद्यावर चंद्राची जमीन. पडद्याला वजन नसते, थंडपणा नसतो, खरखर नसते. ते हातातल्या दगडाने दिले.

चंद्रावरची विवरे कशी झाली हे सांगताना पडद्यावरूनच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाऊन आलो. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये तयार झालेले आहे. म्हणूनच चंद्र-मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. परातीत पिठी पसरून वरून गोट्या टाकण्याचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून लांबवत नाही. एवढेच की पिठी शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतली नव्हती, घरून आणलेली होती.

मंगळावर मुले सर्वांत जास्त रमली. 'क्युरिऑसिटी' ही गाडी तिथे ऑगस्ट २०१२ पासून आहे, 'पर्सिव्हिअरन्स' १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरली. या गाड्यांनी पाठवलेली छायाचित्रे सर्वांना पाहता येतात. पर्सिव्हिअरन्सने तिथल्या वाऱ्याचा आवाजही पाठवला आहे. तो आम्ही ऐकवला तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. मंगळाची माती गंजासारखी लाल आहे, कारण तिच्यात लोहाचे ऑक्साइड आहे. आणि तिथला सूर्यास्त निळसर असतो. आपल्याकडे दिवसा निळे आणि संध्याकाळी तांबडे, तिथे जवळजवळ उलटे. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचले, २०२२ मध्ये त्याचा संपर्क संपला, हेही बाईंनी सांगितले.

तास संपल्यावर एक मुलगी मागे राहिली. दप्तर पाठीला लावलेले, चप्पल पायात, पण जाईना. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, आमच्या ताईच्या पत्रिकेत मंगळ आहे म्हणतात, तो हाच का?"

मी म्हटले, "हो, हाच."

ती पडद्याकडे बघत राहिली. तिथे अजून लाल माती, दगड आणि गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. मग म्हणाली, "मग त्याला ताई कशी माहीत?"

तिच्या थोरल्या बहिणीचे ठरत आलेले लग्न पत्रिकेतल्या मंगळावरून मोडले होते, हे मला नंतर बाईंकडून कळले. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो, हे मी तिला सांगितले. बाईंनी पुढच्या तासाला कोणाचे नाव न घेता सर्व वर्गाला विचारले, की सांगलीत एक, सोलापुरात एक आणि शिरवळला एक अशी तीन मुले एकाच वेळी जन्मली तर मंगळ कोणाच्या जास्त जवळ असेल? मुलांनी ते गणित आवडीने केले. साडेपाच कोटीत हे दोन-अडीचशे किलोमीटर इकडे की तिकडे, याला काही अर्थ राहत नाही हे त्यांचे त्यांनाच दिसले. त्या मुलीने घरी काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मोडलेली बोलणी पुन्हा जुळली नाहीत, एवढे मात्र खरे. सूर्यमाला हा विषय परीक्षेत चार गुणांचा असला तरी काही घरांत त्याची किंमत याहून पुष्कळ जास्त मोजली जाते.

आता पडद्याची मोठी अडचण सांगते. पडद्यावर ग्रह सुंदर दिसतात, पण सर्व एकाच आकाराचे आणि शेजारी शेजारी बसल्यासारखे दिसतात. हा दोष कार्यक्रम तयार करणाऱ्यांचा नाही. ग्रहांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरे एकाच प्रमाणात दाखवायची ठरवली तर कोणत्याही पडद्यावर ग्रह दिसणारच नाहीत, इतकी जागा रिकामी आहे. म्हणून चित्रकार अंतरे दाबतो आणि ग्रह फुगवतो. मुले ते खरे धरून चालतात. एका मुलाने तर विचारले, "सूर्यमालेचा हा फोटो काढणारा माणूस कुठे उभा होता?" इतका चांगला प्रश्न कॉलेजच्या वर्गातही मी क्वचित ऐकला आहे. उत्तर असे की तो फोटो नाही, चित्र आहे. खरा फोटो काढण्याचा प्रयत्न झाला आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ या यानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून मागे वळून साठ छायाचित्रे घेतली. त्यांत सहा ग्रह आले. पृथ्वी एका ठिपक्याहूनही लहान आली. बुध आणि मंगळ आलेच नाहीत. तो फोटो दाखवला तर मुलांची निराशा होते, आणि ती झाली पाहिजे, कारण त्या निराशेनंतर अंतराची गोष्ट सांगता येते.

ती सांगायला पडदा बंद करून बाहेर पडावे लागते. त्यासाठी मला सर्वांत सोयीचे वाटलेले प्रमाण असे: दहा लाख किलोमीटर म्हणजे एक मीटर. या मापाने सूर्य १.४ मीटर व्यासाचा, म्हणजे जुन्या बैलगाडीच्या चाकाएवढा होतो. चाक एका मुलाच्या घरी भिंतीला टेकून पडलेलेच होते. ते शाळेच्या फाटकाशी उभे केले. मग टेप घेऊन निघालो. ५८ मीटरवर बुध, ज्वारीच्या दाण्याएवढा. १०८ मीटरवर शुक्र आणि १५० मीटरवर पृथ्वी, दोन्ही गोट्यांएवढे. पृथ्वीपासून ३८ सेंटीमीटरवर बाजरीचा दाणा, तो चंद्र. आजवर माणूस जास्तीत जास्त लांब गेला तो या बाजरीच्या दाण्याच्या आसपासच. २०२५ साली शुभांशू शुक्ला ज्या अंतराळ स्थानकावर राहून आले ते तर या मापाने गोटीपासून अर्धा मिलिमीटरही दूर नाही. २२८ मीटरवर मंगळ, वाळलेला वाटाणा.

इथपर्यंत सर्व मजेत चालले होते. नंतर गुरूसाठी चालत राहावे लागले. गुरू ७७८ मीटरवर, सोललेल्या नारळाएवढा. वाटेत मुले विचारत राहिली, "आले का?" पुस्तकात मंगळानंतरची ओळ गुरूची असते, म्हणून तो शेजारी असतो असे त्यांना वाटत आले होते. पायांना जे कळले ते डोळ्यांना इतके दिवस कळले नव्हते. शनी जवळजवळ दीड किलोमीटरवर, मोठ्या बेलफळाएवढा. त्याच्यापाशी आम्ही थांबलो. युरेनस २.९ आणि नेपच्यून ४.५ किलोमीटरवर, दोन्ही मोठ्या लिंबांएवढे. तिकडे लहान मुलांना नेणे शक्य नव्हते. शिरवळमधून पुणे-सातारा महामार्ग जातो, त्याच्या कडेने पाचवीचा वर्ग चालवत नेण्याचे धाडस कोणी करू नये. म्हणून त्या दोन लिंबांसाठी वर्गात परतलो आणि उरलेली वाट पडद्यावरच्या नकाशावर मोजली. प्रत्यक्ष चालणे आणि पडद्यावरची सहल यांचा मेळ असा बसतो: पाय जिथे थकतात तिथून पुढे पडदा.

याच मापात प्रकाश सेकंदाला ३० सेंटीमीटर, म्हणजे एका फूटपट्टीएवढा सरकतो. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे दीडशे मीटर जायला त्याला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. मुले सहज चालली तरी सेकंदाला मीटरभर जातात, म्हणजे त्या दिवशी आमची पाचवी प्रकाशाच्या तिप्पट वेगाने गुरूकडे गेली. हे सांगितल्यावर जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गाला आवडला नाही. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा? तो या मापाने ४० हजार किलोमीटरवर येतो. म्हणजे फाटकापासून निघून सबंध पृथ्वीला एक वेढा घालून पुन्हा फाटकाशी यावे, तेवढ्या वाटेवर.

आणखी एक गैरसमज या मापाने सहज गेला. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडते, असे मुले सांगतात, मोठी माणसेही सांगतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आपण स्वेटर घालून शाळेत येतो. तेव्हा ती आपल्या मापाने १४७ मीटरवर असते, जुलैत १५२ मीटरवर. पाच मीटरचा फरक, दीडशेत. उन्हाळा-हिवाळा होतो तो पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. हे पटवायला पडद्यापेक्षा एक चेंडू आणि विजेरी पुरते, आणि चंद्राच्या कलांनाही तेच पुरते. ज्या गोष्टी हातात घेऊन फिरवता येतात त्या पडद्यावर दाखवण्याचा हट्ट मला पटत नाही.

गुरू आणि शनी पडद्यावर फार देखणे दिसतात, त्यांविषयी थोडक्यात लिहिते. गुरूवरचा तांबडा डाग हे पृथ्वीहून रुंद असे वादळ आहे. शनीची कडी अखंड चकती नसून मुख्यतः बर्फाचे असंख्य तुकडे आहेत. युरेनस आडवा पडून फिरतो. मुलांना आडव्या ग्रहाचे जितके हसू आले तितके दुसऱ्या कशाचेच आले नाही.

शेवटचा मुक्काम आम्ही ग्रहांच्याही पलीकडे ठेवला होता. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर ही दोन याने आज माणसाने केलेल्या वस्तूंपैकी सर्वांत दूरच्या वस्तूंत आहेत. व्हॉयेजर-१ आमच्या मापाने फाटकापासून सुमारे २५ किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ खंबाटकी घाट ओलांडून गेल्यावर सापडेल. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरच्या ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत मराठी आहे. त्याच तबकडीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी आहे. आम्ही ती वर्गात लावली. पाचवीच्या मुलांना शास्त्रीय गाणे कितपत रुचणार, असे आम्हाला वाटले होते, आणि खरोखरच दोघे-तिघे चुळबुळत होते. पण मराठी नमस्कार ऐकताना सगळे पुढे वाकले. "आपली भाषा तिकडे कोणाला कळणार?" असे एकाने विचारले. दुसऱ्याने उत्तर दिले, "इंग्रजी तरी कोणाला कळणार?"

भाषेचा मुद्दा इथे आलाच आहे तर सांगते. अशा सहलींसाठी मिळणारे बरेचसे साहित्य इंग्रजीत असते. आवाज चालू ठेवून ते तसेच लावले तर मुले रंग पाहतात आणि शब्द सोडून देतात. आम्ही आवाज बंद करून बाईंनाच बोलायला सांगत होतो. बाई मराठीत सांगत, मध्येच हिंदीत, आणि परिवलन-परिभ्रमण हे शब्द आधी अंगणातल्या भिंगरीने समजावून मग फळ्यावर लिहीत. शिक्षकाची तयारी मात्र यात दुप्पट लागते. डॉ. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' हे पुस्तक मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घेऊन बाईंना दिले. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून गेलेल्या या शास्त्रज्ञाने मराठीत इतके सोपे करून लिहून ठेवले आहे, की कलाशाखेच्या विद्यार्थिनीलाही ते वाचून वर्गापुढे उभे राहता येते.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोड्याच. एका तासाला एकच मुक्काम घ्यावा. सगळे ग्रह एका दमात दाखवले तर संध्याकाळपर्यंत शुक्र आणि शनी एकमेकांत मिसळतात. पडदा वीस मिनिटांच्या वर चालू नसावा. जाण्यापूर्वी मुलांनी आपले प्रश्न वहीत लिहावेत आणि आल्यावर त्यांपुढे उत्तरे लिहावीत. डोळ्यांवर लावायची आभासी दर्शनाची यंत्रे महाग असतात, आणि एक मूल आत मंगळावर असताना बाकीची तीस बाहेर रांगेत भांडत असतात. एका मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहणे मला अधिक सहलीसारखे वाटते. पडद्यावर सूर्य कितीही दाखवा, पण खऱ्या सूर्याकडे थेट पाहू नये हे प्रत्येक वेळी सांगावे.

आणि रात्रीचे आकाश मुलांनी खरेच पाहावे. महामार्गाचे आणि कारखान्यांचे दिवे यांमुळे शिरवळमधून तारे आता कमी दिसतात, पण ग्रह चांगले दिसतात, कारण ते तेजस्वी असतात. वस्त्यांवरच्या मुलांना गावातल्या मुलांपेक्षा जास्त दिसते. एरवी रांगेत मागे राहणारी ही मुले या एका विषयात पुढे होती.

पुढचा बेत शून्य सावलीचा आहे. मकरवृत्त आणि कर्कवृत्त यांच्या दरम्यानच्या गावांत वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शिरवळला ते दिवस १२ मेच्या आणि ३१ जुलै-१ ऑगस्टच्या सुमारास येतात. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैअखेर आमच्याकडे आभाळ भरलेले असते, अशी ही पंचाईत आहे. तरी दुपारी बारा चाळीसच्या सुमारास पाच मिनिटे उघडीप मिळाली तर काम होईल. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्याने घरून ओळंबा आणला आणि पटांगणात काठी अगदी सरळ रोवून झाली आहे. ढग आलेच तर त्या दिवशी तीच वेळ स्टेलॅरियमवर पाहायची आणि काठी पुढच्या वर्षीच्या पाचवीसाठी तशीच ठेवायची, असे बाईंनी ठरवले आहे.